मेरेनबाईंचं मत

“आत्ता ज्या बाई बोलल्या ना, त्यांना विचारा त्यांची आई कुठं पुरलीय.” एवढंच तो माणूस रेडिओवर बोलला आणि त्यानं फोन ठेवला. कार्यक्रमवाला लिसांद्रो हसला, “सकाळी सकाळी लोकांना काय काय प्रश्न पडतात,” म्हणाला, आणि तांदळाची जाहिरात लागली. मेरेनबाईंच्या हातातला फोन अजून गरम होता. त्यांचं बोलणं संपून कॉफीचा एक घोटही झाला नव्हता. शेजारच्या पत्र्यावर कोंबडा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता, आणि तो आवाज आपल्या कवटीच्या आतून येतोय असं त्यांना वाटलं. त्यांनी कप खाली ठेवला. रोज आपलं बोलून झालं की त्या रेडिओचा आवाज वाढवायच्या, गल्लीला कळावं म्हणून. आज त्यांनी तो कमी केला. मग मनात आलं, कमी केला तर कमी केल्याचं कळेल. परत वाढवला. एकेक दाणा मोकळा, एकेक दाणा मोकळा, असं ती जाहिरातीतली पोरगी गात राहिली.

राजधानीत, सांतो दोमिंगोच्या नदीकाठच्या त्या उतारावरच्या वस्तीत मेरेनबाईंना ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. नाव एमेरेन्सिया, पण एवढं लांब नाव घ्यायला कोणाला वेळ आहे. शाळा तिसरीतच सुटली होती, पण मत मात्र त्यांनी जन्मात कोणाकडून उसनं घेतलं नाही. बस चालवणारा नवरा गेला, तेव्हापासून त्या रोज सकाळी ‘लोकांचं दार’ या कार्यक्रमाला फोन लावत. लिसांद्रो म्हणायचा, “या, गल्लीच्या खासदार, आज कोणाची सालं काढायची?” आणि मेरेनबाई काढायच्या. वीज गेली की सांगायच्या, मंत्र्यांच्या घरची वीज जात नाही, तिला तिथल्या गारव्याची सवय लागलीय. केळी महागली की सांगायच्या, शेतीमंत्र्याला एकदा पिशवी देऊन बाजारात पाठवा, आणि बायकोला सोबत देऊ नका. बसमध्ये त्यांनी नुसतं “जरा सरका” म्हटलं तरी माणसं वळून बघायची, “अगंबाई, या त्याच ना रेडिओवरच्या?” नात यारिबेल म्हणायची, “आजी, तू निवडणुकीला उभी राहा.” त्या म्हणायच्या, “उभी कशाला राहू, पाय दुखतात. मी बसल्याजागी त्यांना उभं करते ते काय कमी आहे?” आणि गेलं वर्षभर सगळा देश एकाच गोष्टीवर बोलत होता तर त्याही त्याच गोष्टीवर बोलत होत्या. सीमेपलीकडचे. हैतीचे. त्यांच्या बायका इथं येऊन बाळंत होतात आणि आमच्या लेकी दवाखान्यात जमिनीवर झोपतात. सगळ्यांना ट्रकात घाला आणि सीमेवर नेऊन सोडा. पाहुण्यानं जेवावं, हात धुवावा, आणि चालू लागावं. आजही त्या तेच बोलल्या होत्या, कालच्यापेक्षा दोन शब्द झणझणीत. आणि मग तो माणूस.

आई कुठं पुरलीय याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. सान पेद्रोच्या दफनभूमीत, फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला, पांढऱ्या टाइल्सची कबर, वर काचेच्या चौकटीत काजेतानाबाईंचा फोटो. मृतांच्या दिवशी त्या दरवर्षी तिथं फुलं घेऊन जायच्या, टाइल्स साबणानं घासायच्या, आणि येताना आठवणीनं सगळ्यांना सांगायच्या की आईला भेटून आले. काजेतानाबाई म्हणजे उसाच्या मळ्यावर वजनकाट्याच्या मुकादमाची बायको. मूल नव्हतं. तेव्हा मळ्यांवर अशी रीत होती, कोणी उघड बोलायचं नाही पण होती, की गोरीगोमटी बाई ऊसतोड मजुरांच्या बराकीतल्या एखाद्या पोराला हाताला धरून जन्मनोंदणीच्या कचेरीत घेऊन जायची आणि म्हणायची, हे माझं. कचेरीतला कारकून पोराकडे बघायचा, बाईकडे बघायचा, बाईच्या नवऱ्यानं पाठवलेल्या कोंबडीकडे बघायचा, आणि लिहायचा. त्या पोराचं नशीब उघडायचं. दुसरी आई, ती खरी, बराकीत राहायची. ती सीमेपलीकडून आली होती, नवऱ्यामागून, ऊस तोडायला. ती कुठं पुरलीय हे मेरेनबाईंनाही नीट माहीत नव्हतं. उसात कुठंतरी. तिथं आता दरवर्षी ऊस येतो आणि दरवर्षी तोडतात.

तिचा चेहरा आठवत नव्हता. हात आठवायचा. मुकादमाच्या घरी धाडायच्या आधी तिनं पोरीला शिकवलं होतं. ती मागं उभी राहून आपल्या भाषेत हाक मारायची, गोड हाक, रोजची, आणि पोर वळली की थप्पड. परत पाठमोरी उभी करायची, परत हाक, परत थप्पड. पोर वळायची थांबेपर्यंत. शेवटी एकदा ती हाक मारत राहिली, मारत राहिली, आणि पोर समोरच्या जळक्या उसाकडे बघत तशीच उभी राहिली. मग थप्पडही आली नाही आणि हाकही आली नाही. बराच वेळ मागं काहीच नव्हतं. ते मागं काहीच नसणं मेरेनबाईंच्या पाठीला अजून कळायचं. न्हाणीत पाठीवर पाणी घेताना, चर्चमध्ये बाकावर बसल्यावर मागचं बाक रिकामं असलं तर. आणि आज त्या स्वयंपाकघरात रेडिओकडे तोंड करून उभ्या होत्या आणि मागच्या दाराचा पडदा हलला तर त्या वळल्या नाहीत. वारा होता.

कोण असेल तो माणूस? त्यांनी आवाज परत परत मनात वाजवून बघितला. म्हातारा होता का? दम लागल्यासारखा होता. मळ्यावरचा कोणी असेल का? पण मळ्यावरचे कोण उरलेत? मुकादम गेला, कारकून गेला, ज्या कोंबड्या खाल्ल्या त्याही गेल्या. की गल्लीतलाच कोणी, ज्याला त्यांनी कधी तोंडघशी पाडलं? तसे तर पुष्कळ होते. काही वर्षांपूर्वी मोठ्या कोर्टानं सांगून ठेवलं होतं की इथं जन्मलात म्हणजे इथले झालात असं नाही, आईबाप कोण ते बघू. तेव्हा मेरेनबाईंनी रेडिओवर कोर्टाला शाबासकी दिली होती आणि त्यानंतर आठवडाभर रोज रात्री उठून त्या आपलं ओळखपत्राचं कार्ड दिव्याखाली धरून बघायच्या. कारण हे विणकाम असतं. एक टोक धरून ओढलं की स्वेटर उसवत जातो. त्यांचं कार्ड खोटं ठरलं तर थोरल्याचं काय, तो न्यूयॉर्कात गाड्या धुतोय, तो कोणत्या देशाच्या पासपोर्टावर धुतोय? धाकट्याचं काय? आणि यारिबेल, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, पांढऱ्या कपड्यांना रोज इस्त्री करून जाणारी यारिबेल, ती कोण ठरेल? म्हातारीनं एक थाप मारली म्हणून नाही, म्हातारीसाठी दुसऱ्या एका बाईनं थाप मारली म्हणून. त्यांनी चोळीत हात घातला. कार्ड तिथंच होतं, घामानं गालासारखं गुळगुळीत झालेलं. कचरा टाकायला जातानाही त्या ते चोळीत ठेवायच्या. फोटोत केस सरळ होते, चापूनचोपून. त्यांनी आरशात बघितलं. मुळाशी केस वळायला लागले होते, पार्लरची पाळी गुरुवारी होती. गुरुवार फार लांब वाटला.

दुपारी त्या दारात खुर्ची टाकून बसल्या, कारण न बसल्या असत्या तर लोकांनी विचारलं असतं. कोपऱ्यावर क्लेरमीन बसली होती, रोजच्यासारखी, पालथ्या क्रेटवर, पुढ्यात घमेलं, तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत. शेंगा सोलून दाणे पिशव्यांत भरून विकायची. पलीकडची. पोटुशी, आता बसताना गुडघे फाकवून बसावं लागायचं. मेरेनबाई तिच्याचकडून तूर घ्यायच्या. “तुम्ही रेडिओवर हाकला म्हणता आणि तूर हिची घेता,” असं एकदा फेलो दुकानदार म्हणाला होता, तर त्या म्हणाल्या होत्या, “मी तूर घेते, तिला ओवाळत नाही.” पण एक गोष्ट फेलोला माहीत नव्हती. गेल्या पावसाळ्यात क्लेरमीनच्या पायावर फेलोच्या नोकराच्या हातून उकळतं तेल सांडलं, आणि मेरेनबाई शेजारीच होत्या, आणि त्यांनी खाली बसून तो पाय हातात घेतला, आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, आईच्या भाषेतलं, लेकराला गप करतात तसलं. दोनतीनच शब्द. ते कुठं दडून बसले होते कोण जाणे. क्लेरमीन कण्हायची थांबली होती. तिनं मेरेनबाईंकडे बघितलं, आणि मग दुसरीकडे बघितलं. त्यानंतर कधी त्यावर अवाक्षर नाही. फक्त पिशवी भरताना ती वरून एक मूठ जास्त टाकायची. ती मूठ मेरेनबाईंना नको असायची. ती दयेची आहे की दमदाटीची, हे ओळखता येत नव्हतं. आज त्या तिच्याकडे बघत राहिल्या. फोन करणारा पुरुष होता, खरं. पण बाई पुरुषाला सांगू शकते. हिचा नवरा कुठल्याशा इमारतीवर सिमेंट ओढतो, त्याला फोन लावता येत नाही थोडाच. क्लेरमीननं मान वर केली, हसली, म्हणाली, “बाई, आज तूर कोवळी आहे. देऊ?” मेरेनबाई म्हणाल्या, “नको. पोट बरं नाही.” “मग सूप करा, पोटाला बरं.” असं म्हणाली, एवढंच. पण मेरेनबाईंना वाटलं, हिला माझ्या पोटातलं कसं कळलं?

संध्याकाळी यारिबेल दवाखान्यातून आली, बूट काढून पाय भिंतीला लावून पडली. “आजी, आज वॉर्डातून पलीकडच्या चौघींना पकडून घेऊन गेले. एकीचं बाळ कालचं होतं. तिला नीट चालता येत नव्हतं.” मेरेनबाई केळी कुस्करत होत्या. “मग काय करणार, कायदा आहे.” “तू त्यांच्या वॉर्डात ये एकदा.” “मी कशाला येऊ तिथं?” हे त्या इतक्या मोठ्यानं बोलल्या की पोरीनं मान वळवून बघितलं. “अगं, ये म्हणजे भेटायला ये म्हणाले. तुला कोण ठेवून घेतंय, तू तिथल्या मुख्य डॉक्टरला नोकरीवरून काढशील.” आणि ती हसली, आणि तिच्या हसण्यात, ओठ जरा उजवीकडे जाण्यात, एक बाई होती जिचा चेहरा मेरेनबाईंना आठवत नव्हता. त्या कुस्करतच राहिल्या. केळ्याचा पार लगदा झाला. “आजी, आज कोणीतरी रेडिओवर तुला काहीतरी विचारलं म्हणे?” “वेडा होता कोणीतरी. खा.”

रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. पहाटेपर्यंत एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की झाली होती. आज फोन केला नाही तर लोक म्हणतील, का नाही केला. केला आणि नरम बोलले तर म्हणतील, नरम का. चोर पाठमोरा झाला की ओळखू येतो. तेव्हा आज असं बोलायचं की कोणाच्या मनात किंतू राहू नये. यारिबेल कामावर गेल्यावर त्यांनी केस सरळ बसावेत म्हणून त्यांत नळ्या गुंडाळल्या, वर फडकं बांधलं, फोन घेतला, आणि धीर यावा म्हणून चोळीतलं कार्ड काढून डाव्या हातात धरलं. त्यावरचा आपला आकडा त्या ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या, जपमाळेसारखा, तोच लिसांद्रोचा आवाज आला. “आल्या आमच्या खासदार. काल तुमच्यामागं भूत लागलं होतं म्हणे?”

“भुताला मी घाबरत नाही, लिसांद्रो. भुताचं कार्ड तपासा म्हणते.”

तो खदखदून हसला. “बोला, बोला.”

“बोलते. हे तुम्ही सीमेवर भिंत घालताय, चांगलं आहे. पण सीमा माझ्या दारात आलीय त्याचं काय? आमच्या कोपऱ्यावर, फेलोच्या दुकानासमोर, रोज एक बसते तूर विकायला. पोटुशी. तिथंच बसते, सगळ्यांना दिसते. मला दिसते, सरकारला दिसत नाही. सरकारला चष्मा हवा असेल तर माझा देते.” बोलताना त्यांना आपलाच आवाज फार छान वाटला. भरलेला, ठाम, या मातीतला. वस्तीचं नाव त्यांनी दोनदा घेतलं. फोन ठेवला तेव्हा डावी मूठ इतकी आवळलेली होती की कार्डाची कड तळव्यात उमटली होती. त्यांनी ते फ्रिजवर ठेवलं आणि तळवा चोळत बसल्या. मागं कोणीही फोन केला नाही. जाहिरात लागली. मग वीज गेली आणि रेडिओ बंद पडला.

तासाभरानं लसूण आणायचं निमित्त करून त्या फेलोच्या दुकानात गेल्या, तशाच, घरातला झगा, डोक्याला नळ्या आणि फडकं. खरं तर त्यांना बघायचं होतं लोक कसे बघतात. क्लेरमीन कोपऱ्यावरच होती. सोलत होती. तिनं मान वर केली नाही. दुकानाचा रेडिओ बॅटरीवर चालतो, तो रस्ताभर ऐकू जातो, हे मेरेनबाईंना दुकानात पाऊल टाकल्यावर आठवलं. फेलो लसूण निवडत म्हणाला, “मावशी, आज तुम्ही पार आमच्या दारापर्यंत आलात रेडिओवरून. गिऱ्हाईक वाढेल माझं.”

“काल तो कोण माणूस होता रे, माझ्यामागं बोलणारा?” त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“तो? तो होय. हिरालदो की काय नाव, पूर्वी चर्चमध्ये घंटा वाजवायचा, डोक्यानं गेलाय. तो सगळ्यांना हेच विचारतो. परवा एका खऱ्या खासदाराला विचारलं, आई कुठं पुरलीय. खासदार म्हणाला, अहो जिवंत आहे, माझ्या शेजारी बसलीय. अख्खं शहर हसलं. तुम्ही ऐकलं नाहीत?” त्यानं लसणाचा गड्डा त्यांच्या हातात ठेवला. “तुम्ही स्वतःचं बोलून झालं की दुसऱ्याचं ऐकता कुठं.”

मेरेनबाईंनी तो गड्डा धरला. अंगातून काहीतरी खाली उतरत गेलं, गुडघ्यांपर्यंत, ऊन असावं तसं. म्हणजे कोणालाच काही माहीत नव्हतं. म्हणजे कालचा दिवस, कालची रात्र, सगळी फुकट. त्यांना हसू यायला लागलं होतं, आणि त्या हसण्याच्या आतच त्यांना आठवलं की आपण आज सकाळी काय बोललो. त्या दारात आल्या. क्लेरमीनला काहीतरी सांगायला हवं होतं. आज घरी जा म्हणावं. का, ते सांगायचं नाही, नुसतं जा म्हणावं. ऊन आहे, पोटुशी आहेस, जा. त्या रस्ता ओलांडायला लागल्या. त्यांनी तिच्या घमेल्याजवळ येऊन तोंड उघडलं आणि उतारावरून सरकारी माणसांचा जाळीचा ट्रक खाली आला.

पुढचं फार चटकन झालं आणि आवाज न करता झालं. लोक ओरडतील असं वाटतं, तसं कोणी ओरडत नाही. दारं लागतात. फेलोचं शटर अर्ध्यावर आलं, मग पूर्ण आलं. दोन माणसांनी क्लेरमीनला दंडाला धरून उठवलं, ती म्हणाली, “हळू, हळू, पोट आहे,” आणि ते खरंच हळू झाले, आणि त्यांनी तिला पायरीवर चढवलं. घमेलं कलंडलं. मेरेनबाई तिथंच उभ्या होत्या, हातात लसूण. मग एकानं त्यांच्याकडे बघितलं. त्यानं त्यांच्या पायातल्या सपाता बघितल्या, डोक्याचं फडकं बघितलं, काळा दंड बघितला, आणि तो दंड धरला. “चल, तू पण.”

“मी? अरे, मी इथली आहे.”

“कार्ड?”

त्यांचा हात चोळीत गेला. चोळीत काही नव्हतं. हात तिथंच राहिला. “घरात आहे. फ्रिजवर. हे समोरचं निळं दार.”

“सगळ्यांचं फ्रिजवरच असतं, आजी. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांचंसुद्धा.” दुसरा हसला. वाईट हसला नाही, कामावरची माणसं हसतात तसा.

“मी रेडिओवर बोलते. एमेरेन्सिया. लोकांचं दार. विचारा कोणालाही.” पण विचारायला रस्त्यावर कोणी नव्हतं. त्यांनी निळ्या दाराकडे बघितलं, फेलोच्या शटरकडे बघितलं, वरच्या मजल्यावरच्या त्या पडद्याकडे बघितलं जो हलून थांबला होता. पडद्यामागं उभं कसं राहतात हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी आवाज काढायचा प्रयत्न केला, तो सकाळचा, भरलेला, सगळा देश ओळखतो तो. घशातून आला तो कोणा भलत्याच बाईचा, बारीक आणि बराकीतला. त्या माणसाचा हात घट्ट झाला. त्यांचं एक पाऊल ट्रकाच्या पायरीवर गेलं. पत्रा तापलेला होता. आत जाळीमागं बऱ्याच जणी बसल्या होत्या, आणि सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्यांना जागा करून देण्यासाठी त्यातली एक सरकली. ते सरकणं बघून मेरेनबाईंनी दुसरं पाऊल जमिनीवरच रोवून धरलं.

“हिला नका चढवू,” क्लेरमीन आतून म्हणाली. इथल्या भाषेत, अगदी स्वच्छ. “ती आमच्यातली नाही.”

“तुला काय माहीत?”

“मला नाही तर कोणाला माहीत असणार? आमच्यातली असती तर आमच्याशी आमच्या भाषेत बोलली असती. कधी एक शब्द बोलली नाही.” ती मेरेनबाईंकडे बघत नव्हती, त्या माणसाकडे बघत होती, दोन्ही हात पोटाखाली धरून. “ही रोज रेडिओवर सांगते आम्हाला हाकला म्हणून. आज सकाळी माझा कोपरा हिनंच सांगितला. मी इथं बसून ऐकलं. अशा बाईला माझ्या शेजारी बसवू नका.”

तो माणूस थांबला. त्यानं मेरेनबाईंकडे परत एकदा बघितलं, या वेळी तोंडाकडे. “आयला,” तो दुसऱ्याला म्हणाला, “रेडिओवाली मावशी आहे रे ही. माझी आई रोज ऐकते.” त्यानं दंड सोडला. सोडताना झगा नीट केला, जसा घरच्या बाईचा करावा तसा. “माफ करा हं, मावशी. कार्ड जवळ ठेवत जा. दिवस बरे नाहीत.”

जाळीचं दार लागलं. ट्रक निघाला, उतारावर गिअर बदलताना एकदा कण्हला आणि वळला. मेरेनबाई रस्त्याच्या मधोमध होत्या. शेंगा सगळीकडे पडल्या होत्या, काही सोललेल्या, काही नुसत्या. मग शटर वर गेलं, दारं उघडली, आणि गल्ली बाहेर आली. “मावशी, लागलं का कुठं?” “बघा ना, माणूस बघत नाहीत, काही नाही.” “मी येणारच होतो, चप्पल सापडेना.” फेलो जवळ येऊन म्हणाला, “पण काही म्हणा, त्या बाईनं खरं ते सांगितलं. नाहीतर आज तुमचं कठीण होतं.” सगळे त्यांच्याभोवती गोल करून उभे राहिले आणि त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. आता मावशी काहीतरी बोलतील, ट्रकवाल्यांची सालं काढतील, उद्या रेडिओवर त्यांना उभं करतील. मेरेनबाईंनी तोंड उघडलं. जिभेवर जे आलं होतं ते इथल्या भाषेतलं नव्हतं. ते पुढं येत होतं, दातांपाशी आलं होतं, आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, लसणासकट. लोकांना वाटलं उलटी होतेय. कोणीतरी खुर्ची आणली, कोणीतरी पेला भरून पाणी आणलं. “घ्या, मावशी, एक घोट घ्या.” पेला त्यांच्या ओठांना लावला गेला. त्या मान हलवत राहिल्या, ओठ मिटून, श्वास नाकानं ओढत, आणि पाणी हनुवटीवरून झग्यावर सांडत राहिलं.